राखणदाराची यादी कोण तपासतं?

मैत्रिणींनो, १९ जुलै २०२४ ची सकाळ आठवतेय? इंडिगोची विमानं रद्द झाली, काही प्रवाशांच्या हातात चक्क पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थिजले. आमच्या मंडळात सगळ्यांना वाटलं, कुणीतरी मोठा व्हायरस सोडला. पण व्हायरस नव्हताच तो! संगणकांचं रक्षण करणाऱ्या क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनेच पाठवलेली एक छोटीशी फाइल होती.

तेव्हापासून आमच्या बचत गटात एक सूर निघतो, 'ते अपडेट बंदच करून टाका, कटकट नको.' हे मला पटत नाही. गटाच्या संगणकात बायकांच्या आधारकार्डाच्या प्रती आहेत, पासबुकं आहेत, कर्जाचे हिशेब आहेत.

अँटिव्हायरसला चोर ओळखायला यादी लागते. तिला व्हायरस डेफिनिशन म्हणतात. ग्राहकांच्या संगणकांवरून, मुद्दाम लावलेल्या सापळ्यांतून संशयित फाइली कंपनीकडे येतात. कंपन्या एकमेकींनाही नमुने देतात. बंदिस्त संगणकात ती फाइल चालवून बघतात, तिची खूण शोधतात आणि यादीत घालतात. पूर्वी ही यादी फ्लॉपीवर महिन्या-दोन महिन्यांनी यायची. आता दिवसातून अनेकदा येते, कारण जर्मनीची एव्ही-टेस्ट संस्था रोज साडेचार लाखांहून जास्त नवे घातक प्रोग्रॅम नोंदवते. प्रत्येकाची वेगळी खूण ठेवणं अशक्यच, म्हणून एका खुणेत अख्खं कूळ पकडायचा प्रयत्न असतो. शिवाय फाइलची वागणूकही पाहतात.

खरी गोम पुढेच आहे. नवी खूण पाठवण्याआधी ती हजारो चांगल्या फाइलींवर ताडून बघावी लागते, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या यादीने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवली आणि संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले.

क्राउडस्ट्राइकचं थोडं निराळं झालं. त्यांची फाइल अगदी जुन्या अर्थाची खुणांची यादी नव्हती, पण काम तेच, नव्या हल्ल्याची ओळख पटवायचं. आपल्या गटाच्या वहीत वीसच रकाने असावेत आणि कुणी एकविसाव्यात बघ म्हणावं, तसं झालं. माणूस म्हणेल 'अहो, रकानाच नाही!' संगणक कोसळला. तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येही दोष, त्यामुळे फाइल पास झाली. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. ७८ मिनिटांत ती मागे घेतली, पण बंद पडलेल्या संगणकाला दुरुस्ती पोहोचणार कशी? बऱ्याच ठिकाणी एकेका संगणकापाशी बसून फाइल काढावी लागली. ती सगळीकडे एकदम न पाठवता आधी थोड्यांकडे पाठवली असती तर नुकसान तेवढ्यावरच थांबलं असतं. टप्प्याटप्प्याने पाठवण्याचं कंपनीने कबूल केलं, ते नंतर! माझा राग आहे तो इथे. शेजारणीला नवं लोणचं द्यायचं तरी आपण आधी स्वतः चाखतो.

पण म्हणून यादीच थांबवायची? घरगुती संगणकांना त्या दिवशी काही झालं नाही, क्राउडस्ट्राइकचे ग्राहक मुख्यतः कंपन्या. आपला धोका उलटा आहे. एका दुकानदाराने गटाच्या संगणकात अँटिव्हायरस घालून दिला, 'आता काळजी नको' म्हणाला. वर्षाची मुदत संपली आणि यादी तिथेच थांबली. कोपऱ्यातलं चिन्ह मात्र दिसतच होतं!

आता खजिनदारबाई दर सोमवारी यादीची तारीख बघतात. विंडोज १० असेल तर आणखी एक. त्याचा नेहमीचा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. डिफेंडरच्या याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण त्याने विंडोजमधली भोकं बुजत नाहीत. विक्रेता 'चालतंय की' म्हणाला, तर त्याला हे विचारा.