मुदत दोघांना सारखी हवी
तलासरीत माझं टायपिंगचं दुकान आहे. वापी-उंबरगावला कामाला जाणारी पोरं राजीनामे लिहून घ्यायला येतात. परवा एकाला मालक नोटिशीची तीन महिन्यांची मुदत संपेपर्यंत सोडेना. नवीन जागी पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. मी लिहिलं, 'शिल्लक रजा मुदतीत धरा, उरलेल्या दिवसांचा पगार कापा, बदली माणसाला काम शिकवून जातो.' शिक्क्यानिशी पोच घे, असंही बजावलं.

जवळच्याच झरी गावात १९४५ च्या मे महिन्यात किसान सभेचं काम करणाऱ्या परुळेकर दांपत्याच्या लढ्यात वारली आदिवासींनी वेठ नाकारली. लग्नाच्या कर्जापायी लग्नगडी जन्मभर सावकाराकडे राबत. त्याच भूमीत काढताना 'उद्यापासून येऊ नको' आणि सोडताना तीन महिने, हा अन्याय आहे. नेमणूकपत्रात दोन्ही बाजूंची मुदत ठळक मराठीत छापा.