यंत्र मालकीचे, प्रणाली खंडाने

ठाण्याच्या कोलशेत रस्त्यावर एकेकाळी बायरचा आणि सँडोझचा (पुढे तो क्लॅरियंट या नावाने ओळखला गेला) असे मोठे रासायनिक कारखाने होते. आज त्या जमिनींवर निवासी मनोरे उभे आहेत. मोठे भांडवल तेथून हलले. ठाण्याच्या औद्योगिक जीवनाचा भार आता पुष्कळसा वागळे इस्टेटसारख्या वसाहतींतील लहान कारखाने, जॉबवर्क करणारी वर्कशॉपे आणि तपासणी-प्रयोगशाळा वाहत आहेत. या लहान उद्योगांपुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो वरवर तांत्रिक दिसतो. मुळात तो अर्थकारणाचा आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. ही प्रणाली २०१५ मध्ये बाजारात आली होती. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. मात्र यापुढे प्रणालीत जे दोष सापडतील, ते व्यवसायांना जादा पैसे मोजल्याखेरीज बुजवून मिळणार नाहीत. विंडोज ११ घ्यावी, तर तिला ठरावीक सुरक्षा-चिप व नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. परिणामी, सुस्थितीतील असंख्य संगणक केवळ कंपनीच्या नियमामुळे निरुपयोगी ठरतात.

जुनी प्रणाली चालवणारा कारखानदार कंजूष किंवा मागासलेला असतो, असा सुशिक्षितांत एक समज आहे. तो खरा नाही. चांगले लेथ वा मिलिंग यंत्र वीस-पंचवीस वर्षे काम देते. त्याला जोडलेल्या संगणकाची प्रणाली दहा वर्षांत निवृत्त केली जाते. यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम त्या काळच्या प्रणालीसाठी लिहिलेला असतो आणि नव्या प्रणालीवर तो चालेलच याची शाश्वती नसते. यंत्र बनवणाऱ्याकडे जावे, तर तो नवा नियंत्रक घ्या म्हणतो. औषध-प्रयोगशाळेत उपकरणाचा संगणक बदलला, की निष्कर्षांची विश्वसनीयता कागदोपत्री पुन्हा सिद्ध करावी लागते. शिवाय बदलाच्या काळात काम थांबते आणि थांबलेले काम दुसऱ्याच्या दारी जाते. जुना संगणक इंटरनेटपासून तोडून चालू ठेवणे, हा अशा वेळी पूर्ण विचारान्ती केलेला हिशेब असतो.

मग बदल होतो तो केव्हा? बहुधा बाहेरून सक्ती झाल्यावर. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असणाऱ्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक झाले. त्यामुळे हिशेबाचा संगणक अद्ययावत ठेवणे भाग पडले. मोठा ग्राहक पुरवठादाराची तपासणी करतो, तेव्हाही हेच घडते. पैशाची वाण नसलेल्यांचे वर्तनही निराळे नाही. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, तरी बँकांची अनेक एटीएम तिच्यावरच चालत राहिली. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जून २०१९ पर्यंतची टप्प्याटप्प्याची मुदत घालून द्यावी लागली. बदलाचा खर्च बँकेचा आणि धोक्यातील मोठा वाटा ठेवीदाराचा, अशी विभागणी असली की दिरंगाई फायद्याची ठरते.

याचा अर्थ ‘जुने ते सोने’ असा नव्हे. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या संगणकी हल्ल्याने मेर्स्क कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या आणि त्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या, न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. दुरुस्तीची हेळसांड किती महाग पडते, हे तेव्हा दिसले. सुरक्षा हवीच. वाद आहे तो तिची किंमत कोणी ठरवावी आणि कोणी भरावी, याविषयी.

विंडोज १० ची मुदतवाढ हवी असलेल्या व्यवसायांना मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेला मूळ दर असा: दर संगणकामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. दोष कंपनीच्या मालात आणि तो दुरुस्त करण्याचे शुल्क वाढते! कारण उघड आहे. यंत्र कारखानदाराच्या मालकीचे असले, तरी प्रणाली त्याला केवळ वापरायला मिळालेली असते. तो तिचे कूळ आहे आणि हा आहे खंड. कुळाच्या खंडाला मर्यादा घालणारा कायदा मुंबई राज्यात १९४८ मध्ये झाला. या नव्या खंडाला अद्याप मर्यादा नाही.

मक्तेदारीचा हा अनुभव भारताला नवा नाही. परदेशात कालबाह्य झालेले १४०१ जातीचे संगणक आयबीएमने येथे वर्षानुवर्षे भाड्याने दिले. तेव्हा जुने गळ्यात मारले जात होते, आज नवे मारले जाते. निर्णय दोन्ही वेळी वापरणाऱ्याच्या हाती नव्हता. परकीय चलन नियमन कायद्याखाली भांडवलाचा हिस्सा कमी करण्यास आयबीएमने नकार दिला आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ मध्ये, ती देशाबाहेर पडली. तिच्या संगणकांच्या देखभालीचे काम सीएमसी या सार्वजनिक कंपनीने हाती घेतले. मूळ कंपनी गेली म्हणून यंत्रे भंगारात गेली नाहीत. तीच सीएमसी २००१ मध्ये सरकारने टाटांना विकली, हेही विसरता येत नाही.

संघटित दबावापुढे मक्तेदारी नमते, याचे ताजे उदाहरणही आहे. ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांना एका वर्षाची मुदतवाढ विनामूल्य मिळाली.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. यंत्र विकणाऱ्याने यंत्राच्या आयुष्याइतका काळ प्रणालीची दुरुस्ती पुरवावी. ते जमत नसेल, तर प्रोग्रॅमचा मूळ मजकूर दुसऱ्याला दुरुस्तीसाठी खुला करावा. केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण २०१५ मध्येच स्वीकारले आहे. सरकारी खरेदीत ते कसोशीने पाळले जावे. औद्योगिक वसाहतींतील लहान उद्योजकांनी सहकारी तत्त्वावर सामाईक देखभाल केंद्रे उभारावीत. आणि प्रणाली बदलताना कामगाराला पगारी वेळेत प्रशिक्षण मिळावे. ‘नवे येत नाही’ या सबबीखाली अनुभवी माणूस घरी पाठवला जाऊ नये.

महाराष्ट्रातील सहकारी आणि कामगार चळवळीला यांतील एकही मागणी अपरिचित नाही. कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क ज्यांनी मिळवला, त्यांच्या वारसांनी चालवणाऱ्याचा यंत्रावरील हक्कही मागितला पाहिजे.