‘शांत’ बंदर

मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या बंदरावर संध्याकाळी गेले, की एक शब्द हमखास कानी पडतो : ‘शांत’. पर्यटक म्हणतात, सुटीला आलेले चाकरमानी म्हणतात. आणि वर्गात कोकणातील साहित्य शिकवताना आम्हीही तो वर्षानुवर्षे वापरत आलो आहोत. यंदा धक्क्याजवळच्या वाळूत तासभर रेंगाळल्यावर त्या शब्दाविषयी शंका आली.

हे बंदर गप्प बसण्यासाठी कधी बांधलेच नव्हते. सतराव्या शतकात डचांनी येथे वखार घातली; तिचे अवशेष गावात आजही उभे आहेत. पुढे मुंबईची आगबोट समुद्रात उभी राहायची आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावांतून ये-जा करायच्या. गिरणीत जाणारा मुलगा, माहेरी आलेली लेक, मनीऑर्डरीची वाट पाहणारे घर, सारे या धक्क्याला बांधलेले होते. मग रस्ता आला, 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि वेंगुर्ल्याला येणारा माणूस कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरू लागला. सोय झाली हे खरेच; कोणी आगबोटीच्या आठवणीने गहिवरावे असे आमचे म्हणणे नाही. (त्या पडावात जीव मुठीत धरूनच बसावे लागे, असे घरची वडीलधारी सांगत.) पण वाट निघून गेली आणि उरले ते ‘दृश्य’.

मराठी समीक्षेने नेमके याच दृश्यावर भागवले. चिं. त्र्यं. खानोलकर याच तालुक्यातले, जयवंत दळवी शेजारच्या आरवलीचे. दोघांविषयी लिहिताना ‘निसर्गाची पार्श्वभूमी’ हे शब्द आपण किती सहज टाकतो! ज्यांच्या घरादाराची ये-जा आणि चूल दोन्ही समुद्रावर चालली, त्यांच्या लेखनात तो पार्श्वभूमी कसा असेल? हा दोष लेखकांचा नाही, वाळूवर पाय ठेवून पाण्याकडे पाहणाऱ्या आम्हा वाचकांचा आहे.

खाडीपलीकडच्या नवाबागेतला एक वृद्ध गाबीत जाळे शिवत बसला होता. आमच्यातील एकाने कौतुकाने म्हटले, ‘‘किती शांत आहे हो इथे!’’ त्याने मानही वर केली नाही.

‘‘म्हावरा गावना नाय, म्हणान आवाज नाय,’’ तो म्हणाला. 1 जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. त्याआधी होडी वर ओढायची होती, आणि हाताखाली माणसे कमी होती.

आम्ही चपला काढल्या.