एकाच नाकपुडीची तक्रार ‘सायनस’ म्हणून सोडू नका

‘डॉक्टर, मला सायनस आहे.’ हे वाक्य मी रोज ऐकतो. अहो, सायनस सगळ्यांनाच असतात! चेहऱ्याच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांचं ते नाव आहे, आजाराचं नव्हे. पण हा शब्द एकदा चिकटला की थेंब, वाफ आणि अँटिबायोटिक वर्षानुवर्षं चालू राहतात, आणि नाकात आत कोणी पाहतच नाही. माझं भांडण याच्याशी आहे. त्यात माझे व्यवसायबंधूही आलेच.

घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. वास जातो तो बहुतेक वेळा सर्दीच्या विषाणूमुळे, ॲलर्जीमुळे, पॉलिपमुळे किंवा डोक्याला मार लागल्यामुळे. नाकातला कर्करोग दुर्मिळ. त्यातला ‘ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा’ तर आणखी दुर्मिळ. १९२४ साली फ्रान्समध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. वास घेणाऱ्या अस्तरातच, नाकाच्या छतापाशी ही गाठ उगवते. ते छत चाळणीसारखं सच्छिद्र, आणि त्याच्या लगेच वर मेंदू.

मग रुग्ण ‘वास येत नाही’ म्हणून लवकर का येत नाही? कारण गाठ सहसा एका बाजूला असते आणि दुसरी नाकपुडी काम भागवते. फोडणीचा वास आला, म्हणजे सगळं ठीक! डोळे तपासताना आम्ही एक डोळा झाकायला लावतो. नाकाला तो मान नाही. तुम्हीच करून बघा. डोळे मिटा, एक नाकपुडी दाबा, कॉफीची पूड हुंगा; मग दुसरी. मात्र वास नीट आला म्हणून गाठ नाहीच, असं समजू नका.

एकच बाजू सतत चोंदते, तिथूनच रक्त येतं, त्याच बाजूचा डोळा पाणावतो किंवा पुढे येतो, गाल बधिर होतो? मग कान-नाक-घसा तज्ज्ञांना स्पष्ट विचारा, ‘दुर्बिणीने कधी बघणार?’ ओपीडीत काही मिनिटांचं काम आहे. एकाच बाजूचा ‘पॉलिप’ निघाला तर आधी स्कॅन, आणि काढलेला तुकडा प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. तो रिपोर्ट मागून घ्या.

आणखी एक. इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात १९६०च्या दशकात नाकाचा एक विशिष्ट कर्करोग लाकूडकाम करणाऱ्यांत फार आढळला. आज लाकडाचा भुसा कर्करोगकारक म्हणून मान्य आहे. आमच्या केसपेपरवर तंबाखूचा रकाना असतो, भुशाचा नसतो. सुतारकाम करत असाल तर न विचारता सांगा.

आणि ती नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची बाटली? आठवड्याच्या वर वापरली की तीच नाक चोंदवते. येताना सोबत आणा, किती महिने चालू आहे ते बघू.