गुऱ्हाळ न पाहता गुळाची जाहिरात

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या जमाखर्चात अलीकडे एक नवे कलम नियमितपणे दिसू लागले आहे. ते म्हणजे ऑनलाइन प्रसिद्धी. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनी या प्रकाराला मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये देशभरात दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची केंद्रीय योजना सुरू झाली. कंपन्या उभ्या राहिल्या, माल तयार होऊ लागला आणि तो थेट ग्राहकाला विकण्याची आकांक्षाही निर्माण झाली. संचालक मंडळातील बहुतेक सदस्य शेतकरी असल्याने हे काम साहजिकच शहरातील एखाद्या डिजिटल विपणन संस्थेकडे सोपवले जाते. ही संस्था कालपर्यंत दंतचिकित्सालयाची, सदनिकांची किंवा शिकवणी वर्गाची जाहिरात करीत असते. आज तिच्याकडे गूळ येतो, उद्या हळद येईल.

यात गैर काही नाही. प्रत्येक व्यवसाय कोणाला तरी प्रथम अपरिचितच असतो. पण पहिल्या बैठकीत विचारले जाणारे प्रश्न पाहिले की खरी अडचण लक्षात येते. बोधचिन्ह आहे का, छायाचित्रे आहेत का, महिन्याला किती रकमेची जाहिरात करायची, समाजमाध्यमांवरील खात्याचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे सारे विचारले जाते. गूळ कसा तयार होतो, कोणत्या महिन्यात तयार होतो आणि गेल्या वर्षी ग्राहकांनी कशाबद्दल तक्रार केली, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आठ दिवसांत संकेतस्थळ उभे राहते आणि दहाव्या दिवशी पहिली जाहिरात प्रसारित होते. या घाईची किंमत कोण मोजते, हे गुळाच्याच उदाहरणावरून पाहता येईल.

आरंभ रंगापासून करावा लागेल. कोल्हापूरच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्या पिवळ्याधमक गुळाला अधिक भाव मिळत आला आहे. गुजरातकडे मोठ्या प्रमाणावर जाणाऱ्या या मालाची प्रत व्यापारी प्रथम रंगावरूनच ठरवतात. हा रंग साधण्यासाठी अनेक ठिकाणी उकळत्या रसात सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे गुऱ्हाळावरील भाषेत हायड्रॉस, घातले जाते. ते न घालता केलेला गूळ बहुधा तांबूस ते गडद तपकिरी असतो. उत्पादक कंपनी रसायनविरहित गूळ करते ती नेमकी हा फरक राखण्यासाठी. तिचा गूळ बाजार समितीच्या सौद्यात मागे पडतो, म्हणून तर तिला थेट ग्राहक हवा असतो. आणि मग शहरातला छायाचित्रकार संगणकावर त्या गुळाचा रंग उजळवून सोनेरी करतो. (हा अप्रामाणिकपणा नव्हे, व्यवसायातील सवय आहे, त्याच सवयीने तो लिंबूही अधिक पिवळे करतो.) ग्राहक सोनेरी गूळ पाहून मागणी नोंदवतो, घरी तपकिरी ढेप पोहोचते आणि तो माल परत पाठवतो. ज्या गुणासाठी कंपनीने कमी दराचा धोका पत्करला, तोच गुण जाहिरातीने दोष ठरवला. छायाचित्रकार एक सकाळ गुऱ्हाळावर थांबला असता, तर त्या तपकिरी रंगाचेच छायाचित्र जाहिरातीचा मुख्य विषय झाले असते.

गुऱ्हाळावर पाहण्यासारखे आणखी पुष्कळ असते. चरकातून आलेला रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडाचा जाळ लागतो, रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढली जाते. रसाची आम्लता कमी करण्यासाठी चुन्याची निवळीही बऱ्याच ठिकाणी वापरतात. पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला आला की काहील उतरवायची असते. गुळव्या ते तापमापकाविना, पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी कशी होते यावरून ओळखतो. त्याआधीच, १०५ अंशांच्या आसपास थांबले तर हाती काकवी येते. ही माहिती केवळ रंजक नाही. ‘कोणताही पदार्थ न मिसळता’ असे वाक्य जाहिरातीत सर्रास लिहिले जाते, पण भेंडी आणि चुना वापरणाऱ्या गुऱ्हाळाच्या बाबतीत ते असत्य ठरते. ‘रसायनी रंगनाशक न वापरता, भेंडीने शुद्ध केलेला’ हे वाक्य सत्य आहे आणि अधिक आकर्षकही आहे. ते सुचण्यासाठी मळी काढताना पाहावी लागते.

दुसरे अज्ञान हंगामाचे. विपणन संस्थांकडे वर्षभराच्या सणांचे तयार वेळापत्रक असते. कोल्हापूर भागातील गुऱ्हाळे मात्र साधारण दिवाळीच्या सुमारास पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी विझतात. संक्रांतीचा तिळगूळ आणि तामिळनाडूतील पोंगल हे सण ऐन हंगामात येतात, तेव्हा ताजा गूळ मुबलक असतो. आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकातील उगादीच्या पच्चडीला लागणारा नवा गूळही वेळेवर मिळतो. परंतु गणेशोत्सवातील मोदक आणि केरळमधील ओणम येतात ते पावसाळ्यात, गुऱ्हाळे बंद असताना. बिहारमध्ये छठपूजेच्या ठेकुव्यासाठी मागणी वाढते, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील नवा गूळ जेमतेम येऊ लागलेला असतो. या काळात विकला जातो तो साठवणीतला गूळ. गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो, पावसाळ्यात त्याला पाणी सुटते आणि रंगही गडद होतो. अशा वेळी ‘आजच काहिलीतून उतरलेला ताजा गूळ’ अशी जाहिरात ऑगस्टमध्ये देणाऱ्याला आपण काय लिहीत आहोत याची कल्पनाच नसते. साठवण कशी केली, वेष्टन ओलावा रोखणारे आहे का आणि साठा किती शिल्लक आहे, हे ठाऊक असल्याखेरीज श्रावणातील जाहिरातीचा एकही शब्द लिहिणे धोक्याचे आहे.

किमतीच्या बाबतीतील अज्ञान तर थेट नुकसान करते. ‘पहिल्या खरेदीवर चाळीस टक्के सवलत आणि घरपोच सेवा मोफत’ हा सल्ला कपडे विकणाऱ्यास कदाचित मानवेल. एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ मिळतो. २०२४-२५ च्या हंगामात उसाची रास्त व किफायतशीर किंमत १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती. हा दर साखर कारखान्यांना लागू असला, तरी सभासद आपल्या उसाचे मोल त्याच दराशी ताडून पाहतो. त्या हिशेबाने एका किलो गुळात २८ ते ३४ रुपयांचा केवळ ऊसच असतो. त्यावर गुऱ्हाळाची मजुरी, वेष्टन, साठवण, विक्रीमंचाची दलाली आणि कुरिअरचा खर्च येतो. १८ जुलै २०२२ पासून आवेष्टित व लेबल लावलेल्या गुळावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तोही यातच धरावा लागतो. गूळ वजनाने जड आणि मूल्याने हलका आहे. एक किलोची ढेप गुवाहाटीला मोफत पाठवणे म्हणजे सभासदाच्या उसाचे पैसे वाहतूकदाराला देणे होय. हे गणित जाहिरात करणाऱ्याला पहिल्याच दिवशी समजले, तर तो पाच किलोची मागणी, जवळच्या शहरांतील गृहसंस्था किंवा मिठाई व चिक्की उत्पादक यांच्याकडे वळेल.

यापुढचा मुद्दा भाषेचा आहे आणि भारतासारख्या देशात तो दुय्यम मानता येत नाही. गूळ तामिळमध्ये वेल्लम, तेलुगूत बेल्लम आणि कन्नडमध्ये बेल्ल आहे. मल्याळममध्ये मात्र गुळाला शर्करा म्हणतात! मराठी किंवा हिंदी जाहिरातीतील ‘शर्करेऐवजी गूळ’ हे वाक्य यांत्रिक भाषांतराने केरळमध्ये पोहोचले, तर ‘गुळाऐवजी गूळ’ असा त्याचा हास्यास्पद अर्थ होऊ शकतो. बंगालमध्ये हिवाळ्यात गूळ म्हटले की अनेकांच्या मनात प्रथम खजुरीच्या रसाचा नोलेन गूळ येतो. उसाचा गूळ वेगळा सांगावा लागतो. भरडधान्यांत ही गुंतागुंत आणखी वाढते. मराठीतील राळा हिंदीत कंगनी, तेलुगूत कोर्रा, तामिळमध्ये तिनै आणि कन्नडमध्ये नवणे होतो, इतपत ठीक आहे. पण तेलुगूतील सामलु आणि हिंदीतील सावां ही नावे कानाला सारखी वाटली तरी धान्ये निरनिराळी आहेत. पहिले हिंदीतील कुटकी, तर दुसरे तेलुगूतील उदलु. ग्राहक इंटरनेटवर आपल्या भाषेतील शब्दाने शोध घेतो, वनस्पतिशास्त्रीय नावाने नव्हे. अशा वेळी चुकीच्या नावाखाली चुकीच्या धान्याचे छायाचित्र देणारी जाहिरात उपवासाचे धान्य शोधणाऱ्या ग्राहकाला भलतेच धान्य विकू शकते.

कायद्याचा विषय थोडक्यात सांगता येईल, कारण नियम पुरेसे स्पष्ट आहेत. गूळ मधुमेहींसाठी सुरक्षित असल्याचा दावा समाजमाध्यमांवर सहज केला जातो. वस्तुतः गुळाचा मोठा भाग सुक्रोज, म्हणजे साखरच असतो. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांविषयीचे २०१८ चे विनियम रोग बरा करण्याच्या वा टाळण्याच्या दाव्यांना मनाई करतात आणि ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘ताजा’ यांसारख्या शब्दांच्या वापरावरही अटी घालतात. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यास आणि त्या प्रसिद्धीत सहभागी असणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे जाहिरात लिहिणारी संस्थाही यातून सुटत नाही. ‘सेंद्रिय’ या शब्दामागे प्रमाणीकरण लागते. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली हंगामी पिकांसाठी दोन आणि बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा रूपांतरकाळ धरला जातो, त्या काळातील माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा दुसऱ्या प्रदेशातील गुळाला ते नाव चिकटवणे हा जाहिरातीचा अलंकार म्हणून खपणार नाही. केरळातील मरयूर गुळाचेही तसेच आहे.

याला एक सयुक्तिक आक्षेप घेतला जातो. छोटी उत्पादक कंपनी प्रसिद्धीसाठी जेमतेम काही हजार रुपये देते, आणि संस्थेकडे एकाच वेळी पंधरा-वीस ग्राहक असतात. तिने प्रत्येकाचा व्यवसाय शिकत बसावे ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. शिवाय, बाहेरचा माणूस अनभिज्ञ असतो म्हणूनच ग्राहकाच्या नजरेने पाहू शकतो, असेही म्हटले जाते. या दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. ‘गुळाच्या ढेपेला चाकू का लागत नाही?’ हा प्रश्न शेतकऱ्याला कधीच सुचणार नाही, शहरातील मुलीला तो पहिल्या मिनिटाला सुचतो. चुरा किंवा छोटे खडे करून विकण्याची कल्पना अशाच प्रश्नातून निघते. पण प्रश्न विचारण्यासाठी गुऱ्हाळावर यावेच लागते. कार्यालयात बसून इतरांच्या जाहिराती चाळणाऱ्याला प्रश्न पडत नाहीत, केवळ तयार उत्तरे मिळतात.

पहिल्या आक्षेपाला मात्र अर्धे उत्तर कंपनीने आणि अर्धे संशोधन संस्थांनी द्यायला हवे. दोन दिवस गुऱ्हाळावर, एक दिवस बाजार समितीच्या सौद्यात आणि एक दिवस गतवर्षीच्या तक्रारी वाचण्यात घालवणे ही काही फार मोठी मागणी नाही. कंपनीने करारातच ती अट घालावी आणि या चार दिवसांचे पैसे वेगळे द्यावेत. फुकटात शिकण्याची अपेक्षा धरली की शिकणे टळते. कोणता दावा करायचा नाही, याची यादी कंपनीच्या सहीनिशी पहिल्याच दिवशी द्यावी. एकही जाहिरात गुळव्या आणि एका संचालकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय प्रसारित होऊ नये. गुळव्याला वाचनाची सवय नसेल, तर जाहिरात त्याला वाचून दाखवावी. चूक तो ऐकताक्षणीच पकडेल.

संशोधन संस्थांची जबाबदारी याहून मोठी आहे. कोल्हापूरचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र, अनकापल्ली येथील प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आणि लखनौची भारतीय ऊस संशोधन संस्था यांच्याकडे गुळाचे वाण, प्रक्रिया, साठवण आणि घटकद्रव्ये यांविषयी दीर्घकाळाचे ज्ञान साठलेले आहे. ते शोधनिबंधांत आणि शेतकऱ्यांसाठीच्या घडीपत्रिकांत आहे. जाहिरात लिहिणाऱ्या पंचविशीतील तरुणापर्यंत ते पोहोचत नाही, कारण त्याला वाचक म्हणून कोणी गृहीतच धरलेले नाही. प्रत्येक प्रमुख उत्पादनाची चार पानांची परिचयपुस्तिका प्रादेशिक भाषांत तयार करणे कृषी विज्ञान केंद्रांना अवघड नाही. पदार्थ कसा बनतो, हंगाम कोणता, खरा रंग कोणता, कोणते दावे सिद्ध आहेत व कोणते नाहीत आणि शेजारच्या राज्यांत त्याला काय म्हणतात, एवढे तिच्यात पुरेसे होईल. विस्तारकार्याची व्याख्या शेताच्या बांधापाशी संपते असे मानणाऱ्यांना हे काम आपले वाटणार नाही. पण ढेप परत येते, तेव्हा तिच्या वाहतुकीचे पैसे त्याच बांधावरच्या सभासदाच्या हिश्शातून वजा होतात.

येत्या हंगामासाठीचे करार बहुतेक कंपन्या पावसाळ्यातच करतात. त्या वेळी काहिली पालथ्या घातलेल्या असतात आणि चुलवाणे थंड असतात, म्हणून पाहण्यासारखे काही नसते अशी समजूत आहे. साठवणीचे गोदाम मात्र तेव्हा भरलेले असते, तक्रारींची वही उघडी असते आणि गुळव्याला बोलायला सवड असते.