जंजिऱ्याच्या तटाआडची आफ्रिका

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्यांतून हजारो मराठी माणसे जंजिरा पाहून येतात. कलालबांगडी तोफ पाहतात, किल्ला अजिंक्य राहिल्याचे ऐकतात आणि परततात. या मुलखाला आपले पूर्वज हबसाण म्हणत. ते नाव ज्यांच्यावरून पडले, ते हबशी आफ्रिकेतून येथे कसे आले, हा प्रश्न मात्र होडीत बसलेल्यांपैकी क्वचितच कोणाला पडतो. आफ्रिकेची कला संग्रहालयांत कशी मांडावी यावर जगभर वाद झडत असताना रायगडच्या किनाऱ्याने त्याकडे परका विषय म्हणून पाहावे, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

संग्रहालय हे निष्पाप कोठार नसते. बेनिनचे पितळी शिल्पवैभव १८९७ साली ब्रिटिश सैन्याने लुटले आणि ते युरोपच्या काचपेट्यांत जाऊन बसले. शतकाहून अधिक काळ त्यावर कलेच्या इतिहासाची लेबले झळकली. लुटीचा उल्लेख तळटीपेत राहिला. २०२२ साली जर्मनीने अकराशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली, ती आफ्रिकेच्या दीर्घ आग्रहानंतरच.

आपल्या दाराशी याहून बोलके उदाहरण आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने खडकी शहर वसवले. जहांगीर त्याला कधीही पकडू शकला नाही. मग बादशहाच्या चित्रकाराने, अबुल हसनने, सुमारे १६१६ साली एक चित्र रंगवले: जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. अंबर त्यानंतर दहा वर्षे जगला! आज हे चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. त्याकडे केवळ मोगल शैलीचा नमुना म्हणून पाहिले, तर सत्तेची थाप कला म्हणून खपते. कोणी, कोणासाठी आणि कोणत्या पराभवावर पांघरूण घालण्यासाठी रंगवले, हे लेबलाने सांगितलेच पाहिजे.

याची उलट बाजूही तपासली पाहिजे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागात कोकणी-मराठी बोलणाऱ्या सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून गोधड्या शिवतात. कडेपासून मध्याकडे टाके घालत जातात आणि कोपऱ्यांना त्रिकोणी ‘फुले’ लावतात. अमेरिकन कलाअभ्यासक हेन्री ड्र्यूअल यांनी त्या परदेशातील प्रदर्शनांत नेल्या, हे चांगलेच झाले. परंतु अशा गोधडीत केवळ आफ्रिकी रक्ताची स्मृती शोधणे म्हणजे शेजारच्या मराठी-कन्नड बाईच्या वाकळेशी असलेले तिचे नाते तोडणे होय. ही गोधडी दारिद्र्यातून, थंडीतून आणि श्रमातून जन्मली. शिवणारीला मोबदला किती मिळाला, लेबल लिहिताना तिला विचारले काय, हे प्रश्न सौंदर्यशास्त्राइतकेच महत्त्वाचे आहेत.

आजचे आफ्रिकी कलावंत हेच शिकवीत आहेत. घानाचा, दीर्घकाळ नायजेरियात राहिलेला एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांच्या टोपणांतून भिंतीएवढी झळाळती वस्त्रे विणतो. दारू आणि गुलामांचा व्यापार हातात हात घालून चालला, हे त्या टोपणांना ठाऊक आहे. त्या वस्त्रांचा आकारही तो कायमचा ठरवून देत नाही. मांडणाराने आपल्या जागेप्रमाणे त्यांना नव्या घड्या घालाव्यात, अशी त्याची मुभा असते.

काही मित्र म्हणतील, सिद्दीच्या नवाबीचे कौतुक आम्ही का करावे? कौतुक कोणी मागितलेले नाही. नवाबी ही सरंजामीच होती; १९४८ साली संस्थान विलीन झाले त्यामागे प्रजेचा लढा होता, आणि तो लढाही भिंतीवर आला पाहिजे. सरंजामशाहीचा निषेध करताना गुलामगिरीच्या बळींना विसरणे मात्र समाजवाद्याला शोभणारे नाही. शिवाय हा प्रश्न भूतकाळापुरता नाही. २०१७ साली ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली. ज्या समाजाला आपल्याच इतिहासातला आफ्रिकी माणूस ठाऊक नाही, त्याला रस्त्यावरचा आफ्रिकी माणूस परका आणि संशयास्पद वाटणारच.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. मुरूडला एक संग्रहालय हवे, आणि ते नवाबाच्या तलवारींचे दालन होता कामा नये. गुलामांच्या जहाजांचा मार्ग, कोळ्यांचे आणि खलाशांचे श्रम, सिद्दी स्त्रियांच्या गोधड्या आणि आजच्या आफ्रिकी कलावंतांची कामे तेथे एकत्र नांदावीत. लेबले प्रथम मराठीत असावीत आणि ती लिहिताना सिद्दी, कोळी व शिक्षक यांना बोलवावे. शासन हे आपण होऊन करणार नाही. रायगडच्या कार्यकर्त्यांनी शाळांतून, ग्रामसभांतून आणि जिल्हा परिषदेतून हा आग्रह धरला पाहिजे.