जंगलाचा पैसा आणि एक ‘किंवा’

सरकार वाघ वाचवतं, जंगल वाचवतं, हे आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलं. त्यासाठी पैसा कुठून येतो आणि तो कुठे खर्च करायचा हे कोण ठरवतं, हा धडा मात्र कुणी शिकवला नाही. तो आपणच वाचायला हवा.

राज्य सरकारं वन्यजीवांवर मुख्यतः तीन ठिकाणांहून पैसा खर्च करतात. पहिलं, राज्याचा स्वतःचा अर्थसंकल्प. दुसरं, केंद्राच्या योजना. व्याघ्र प्रकल्पाच्या नेहमीच्या खर्चात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ५० टक्के आणि राज्याचा ५० टक्के असतो. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांसाठी हेच प्रमाण ९०:१० आहे. तिसरं, ‘कॅम्पा’, म्हणजे भरपाई वनीकरणाचा निधी. खरी मेख या तिसऱ्यात आहे.

खाण, धरण किंवा महामार्गासाठी वनजमीन दिली की प्रकल्पवाल्याकडून भरपाई वसूल होते. पर्यायी झाडं लावण्याचा खर्च वेगळा आणि गेलेल्या जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वेगळं. २०२२ पासून हे मूल्य जंगलाच्या प्रकारानुसार हेक्टरी साधारण साडेनऊ ते सोळा लाख रुपये आहे. २०१६ च्या कायद्याने या निधीतला ९० टक्के वाटा राज्यांना दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने साठून राहिलेले ४७ हजार कोटींहून जास्त रुपये २७ राज्यांना दिले. सर्वात मोठे वाटे ओडिशा आणि छत्तीसगडचे होते. दोघांचे मिळून ११ हजार कोटींच्या वर. २०११ च्या जनगणनेनुसार ओडिशात जवळपास २३ टक्के आणि छत्तीसगडमध्ये जवळपास ३१ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. म्हणजे जिथे जंगल जास्त गेलं, तिथे जंगल वाचवण्याचा पैसा जास्त आला. आणि ते जंगल ज्यांच्या दारातलं होतं, ते बहुतांशी आदिवासी आहेत.

आता मूल्य कशाचं धरलं ते पाहा. त्या हिशेबात फक्त लाकूड नाही. सरपण, चारा, मोह-तेंदूसारखं वनोपजही त्यात मोजलं जातं. मोह वेचणाऱ्या बाईचं नुकसान सरकारने रुपयात मांडलं, प्रकल्पवाल्याकडून वसूलही केलं. पण ती रक्कम तिच्या ग्रामसभेकडे जात नाही, वनविभागाकडे जाते. त्यातून रोपवनं, कुंपणं, इमारती, गाड्या होतात. संरक्षित क्षेत्रातल्या वनजमिनीपोटी आलेल्या पैशातून तिथल्या गावांचं ‘स्वेच्छा’ पुनर्वसन करण्याचीही कायद्यात सोय आहे. जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या ५९१ गावांच्या पुनर्वसनाला प्राधान्य द्यायला सांगितलं. ती गावं म्हणजे सुमारे ६५ हजार कुटुंबं.

२०१६ साली हे विधेयक राज्यसभेत आलं तेव्हा ग्रामसभेची संमती सक्तीची करा, अशी दुरुस्ती मांडली गेली होती. नियमांत काळजी घेऊ, असं आश्वासन मंत्र्यांनी दिलं आणि दुरुस्ती मागे घेतली गेली. २०१८ मध्ये नियम आले. त्यांत संमतीच्या जागी सल्लामसलत आली, आणि तीही ‘ग्रामसभा किंवा’ वनसमितीशी. या ‘किंवा’मध्ये सगळं आलं. अनेक राज्यांत या समितीचा सचिव वनविभागाचाच कर्मचारी असतो. म्हणजे विभागाने विभागालाच विचारायचं आणि कागदावर ‘लोकसहभाग’ लिहायचा.

मग वाघ वाचवायचे नाहीत का, असा प्रश्न लगेच येतो. वाचवायचेच. वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार देतं. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन टेकड्यांच्या व्याघ्र प्रकल्पात सोलिगा आदिवासींचे सामूहिक वनहक्क २०११ मध्ये मान्य झाले. म्हणून तिथले वाघ संपले नाहीत. वणवा विझवायला, पाणवठे भरायला, रात्रीची गस्त घालायला रोजंदारीवर जाणारे हातही याच पाड्यांतले असतात. श्रम यांचे, निर्णय दुसऱ्यांचा. ही वाटणी आपल्या समाजाला चांगलीच ओळखीची आहे.

म्हणून मागणी साधी आहे. नियमांतला ‘किंवा’ काढा. वनहक्क मान्य झालेल्या जमिनीवर ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय कॅम्पाचा एक खड्डाही खणू नका. आणि निव्वळ वर्तमान मूल्यातला वनोपजाचा हिस्सा थेट ग्रामसभेच्या खात्यात जमा करा.

मित्रमैत्रिणींनो, घरात पहिल्यांदा पदवी आली ती आपल्या हातात. जिल्ह्याची कॅम्पाची वार्षिक कार्ययोजना माहिती अधिकारात मागवा. कोणत्या गावात किती खर्च दाखवलाय आणि सल्लामसलत कुणाशी झाली, ते पाहा. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडली आहे का, हेही विचारा. नंतर तो कागद गावात मोठ्याने वाचून दाखवा. हिशेब विचारला जातोय हे कळलं की हिशेब ठेवणारे बदलतात.